दादाने केलेला अण्णांचा फोटो

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. पलीकडे वहिनी रडत होती, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "वहिनी, तो हार काढलाय का गं?" तिला काही कळलं नाही. मी फोन ठेवला. परभणीहून आमचं गाव पिंगळी ते किती लांब, पण सगळी वाट मी त्या हाराचाच विचार करत होते. भाऊ गेला होता आणि मला राग येत होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मुरली, परभणीत फोटो स्टुडिओ चालवायचा. नवा फोटो जुना करून देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बुटांच्या खोक्याला आतून काळा रंग दिलेला, पुढे भिंग, मागे बटर पेपर. समोर उन्हात माणूस बसला की त्या कागदावर त्याची धूसर, उलटी आकृती पडायची, आणि दादा मोबाईलवर तिचाच फोटो घ्यायचा. मग कॉम्प्युटरवर चरे, डाग, उडालेले कोपरे. आणि छपाई चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर. लग्न ठरलेली पोरं-पोरी हौसेनं यायची, फेटा न् नऊवारी घालून आजोबा-आजी होऊन जायची. "लग्नाआधीच म्हातारे व्हायलेत, मी काय करू?" म्हणून दादा हसायचा. खेड्यांतून येणारी माणसं मात्र वेगळी. त्यांच्या गेलेल्या माणसाचा एकही फोटो घरात नसायचा. दादा त्यांच्या नातलगांना खोक्यापुढे बसवायचा. एकाचे डोळे, दुसऱ्याचं नाक, तिसऱ्याचं कपाळ जुळवून माणूस उभा करायचा. एका जित्या माणसाचा अख्खा चेहरा कधीच घ्यायचा नाही. "त्या फोटोला हार पडणार हाय, सुले," तो म्हणायचा, "जित्याच्या तोंडाला हार बरा न्हाई."

आणि हाच नियम त्याने घरात मोडला. आमचे वडील, अण्णा, आम्ही अगदी लहान असताना गेले, एकही फोटो न काढता. त्यांचं तोंडसुद्धा आता आठवत नाही, असं आई सारखी म्हणायची. अण्णांना भाऊ नाही, बहीण नाही. त्यांच्यासारखा दिसतो तो मुरलीच, असं सगळं गाव म्हणे. एका दिवाळीला दादा फोटो घेऊन आला. "अण्णांच्या जुन्या दोस्ताकडं गावला," म्हणाला. आईने तो बराच वेळ पाहिला, पदराने पुसला आणि हार घातला. मी जवळ जाऊन पाहिलं. फेटा माझ्या लग्नातला होता आणि फेट्याखाली दादा होता. गालफडं बसवलेली, डोळ्यांखाली काळं ओतलेलं… पण दादाच.

अंगणात गाठून मी म्हटलं, "दादा, काढ तो. मायला खरं सांग."

"सांगू? पुन्यांदा तिचा नवरा मारू? रोज बोलायलीय ती त्याच्याशी."

मग दर वर्षी अण्णांच्या तिथीला ताजा हार, नैवेद्य, आणि स्वतःच्याच तोंडापुढे हात जोडून उभा राहिलेला दादा. वर्गात पोरांना मी अंधश्रद्धेवर ठणकावून सांगते. पण त्या दिवशी भिंतीकडे पाठ करूनच जेवायची. यंदा त्याला कावीळ झाली… ती साधी नव्हती. बघता बघता गालफडं बसली, डोळ्यांखाली काळं आलं. दवाखान्यातून परत आणला तो त्याच फोटोखालच्या बाजेवर निजवला. मी एकदा वर पाहिलं, एकदा खाली… त्याने ते बरोबर हेरलं. "बघायलीस काय?" त्याचा आवाज पार खोल गेला होता. "जमलाय की न्हाई हुबेहूब?" मला तिथे थांबवेना. आमचं शेवटचं बोलणं ते.

तेराव्याला मी त्याच्या मोबाईलमधला हसरा, रंगीत फोटो मोठा करून आणला. झेंडूचा हार आणला. आता तरी दादाला दादाची जागा मिळू दे, एवढंच मनात होतं. खिळा ठोकायला घेतला तर आई म्हणाली, "दुसरा कशाला? हाय की त्याचा लावलेला."

"माय… ते अण्णा हायेत."

"तुझ्या अण्णाच्या तोंडावर देवीचे वण हुते, सुले. तोंड इसरले, वण कशी इसरीन? मला पहिल्याच दिशी कळलं. पर लेकरानं लय मन लावून केलता. मायला धनी गावला म्हून खूश हुता… त्याचं मन कसं मोडू? हार घालताना दर साली मनात म्हनायची, देवा, माझ्या लेकराला संभाळ."

म्हणजे तो तिच्यासाठी गप्प होता आणि ती त्याच्यासाठी. आईने स्टूल ओढलं, वर चढून वाळलेला हार आपल्या हाताने उतरवला. मी नवा पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"न्हाई. जिता हुता तवर घातला म्या. आता नगं."

तो फोटो आहे तिथेच आहे, बिनहाराचा. इतकी वर्षं आई त्याच्याशी बोलायची ती नवऱ्याशी बोलावं तशी, नाव न घेता. परवा मी पिंगळीला मुक्कामी होते. सकाळी चुलीवर चहा ठेवून ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "मुरली, ऊठ रे बाबा."