भरल्या टिपरचा चढ

शिवदास गवस मला पहिल्यांदा भेटला तो भांडणातच. आमच्या वाड्यावर चार दिवस पाणी नव्हतं. त्याचा टँकर दिसला तशी मी आडवी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळं ऐकून घेतल्यावर हा शांतपणे म्हणाला, "ताई, झाला? आता पाइप धरा. तुमच्याच वाड्याचा पाणी हा."

माणूस मूळचा दोडामार्गाकडचा. डिचोलीला आला तो खाणीवर टिपर चालवायला. अठरा वर्षं लाल माती खाल्ली. खाण बंद पडली, मालकानं टिपर विकला, याच्या हाती टँकर आला. तेव्हापासून घराच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून तो रिमोटवर चालणारा छोटा टिपर बनवतो. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी आधी ते काम बघावं. सरकत्या खिडकीच्या पट्ट्या कापून केलेला सांगाडा, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केबिन. मोटर, बॅटरी आणि रिमोट तेवढे विकतचे. प्लास्टिकचे गिअर दोनदा झिजले, मग पितळेचे बसवले. मागच्या हौद्यात हरमलच्या एका रापणकाराकडून आणलेली जाळ्याची शिशाची वजनं. "रिकामो टिपर मिरवूक काय तो रथ हा?" असं त्याचं म्हणणं.

त्याच्या घरातलं भांडण होतं ते बलकांवावरून. त्याची बायको कमलाक्षी शाळांचे गणवेश शिवते. तिची मशीन आतल्या खोलीत, जिथे भर दुपारीही दिवा लागतो. तिला बलकांवातला उजेड हवा होता, आणि तिथे तर याचं मेज, याची कदेल म्हणजे खुर्ची, याचे स्क्रू. शेवटी पैज लागली. पेडण्याच्या सड्यावर, तिथल्या कातळाच्या माळावर, अशा रिमोटच्या गाड्यांची चढाईची स्पर्धा होती. टिपर वर पोचला तर बलकांव त्याचं. नाही पोचला तर मेज परसात. साक्षीदार मी, टँकरच्या भांडणापासून त्यांच्या घरचीच झालेली. खरं सांगायचं तर मी मनातून कमलाक्षीच्या बाजूची होते.

सड्यावर म्हापसा-पर्वरीचे तिशीतले नोकरदार जमलेले. गाड्या चकचकीत, एकीवर तर चिमुकला जादा टायरसुद्धा. चिऱ्याच्या जुन्या खाणीची उतरती कड, दोन्ही बाजूंना झेंडे, प्रत्येकाला तीन संधी. शिवदासचा टिपर अर्ध्यावर गेला, पुढची चाकं उचलली आणि तो उताणा पडला. दुसऱ्यांदाही तेच.

चढाई भरवणारा साईश भला माणूस. म्हणाला, "काका, मागचं शिसं काढा. वजन पुढे लागतं."

"भरल्या गाडयेचो माल वाटेत उतरवू? अठरा वर्सांत केलंय नाय."

कमलाक्षीनं पदर खोचला. "ताई, मेजाची एक बाजू तुमी धरशात मा?"

शिवदास उकिडवा बसला. चढाकडे बघत राहिला, बराच वेळ. मग उठून त्यानं टिपर गर्रकन फिरवला आणि पाठ चढाकडे करून ठेवला.

"काका, तोंड तिकडे!" कुणीतरी ओरडलं. चारजण हसले.

"माका ठाव हा," शिवदास म्हणाला. "खाणीर चिखलात भरली गाडी चढ घेयना झाली काय, आमी रिव्हर्सात घालू."

टिपर पाठमोरा चढू लागला. आता शिसं चढाच्या बाजूला होतं, त्यामुळे उलटायचा प्रश्नच मिटला. पण रिव्हर्समध्ये मोटर निम्म्या वेगानं फिरते. गोगलगाय बरी. एक चाक चिऱ्याच्या भोकात अडकलं. शिवदासनं पुढची चाकं इकडे-तिकडे वळवून ते सोडवलं. आणि टिपर वर जाऊन टेकला.

"रिव्हर्स चालत नाही हो," साईश म्हणाला.

माझं डोकं तापलं. "कुठे लिहिलंय? कागद काढ."

त्यानं फोनमधले नियम वाचले. हात लावायचा नाही, झेंड्यांच्या आतून जायचं, पाच मिनिटांत.

"गाडीचं तोंड कुठे असावं, ते वाच."

ते नव्हतंच. पण मिनिटं सहा झाली होती, म्हणजे नंबर गेला. मी त्यावरही तोंड उघडणार, तेवढ्यात शिवदासनं अडवलं. "ताई, रवांदे. नंबर कोणाक होयो?" आणि त्यानं बायकोकडे बघितलं.

कमलाक्षीनं खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "पोचलो तर पोचलो. बलकांव तुमचा."

शिवदासच्या मिशीखाली हसू फुटलं.

"पण माझी मशीन थंयच येतली," ती म्हणाली. "गाडी उलटी चढली मा? मग तुमीय उलटे बसा. तोंड भिंतीकडे. उजेड माका."

शिवदासनं माझ्याकडे बघितलं. साक्षीदार टिपर उचलून खाली निघाली.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. बलकांवाच्या कडेला कमलाक्षीची मशीन खडखडत होती, निळ्या गणवेशांचा ढीग पडला होता. कोपऱ्यात शिवदास भिंतीकडे तोंड करून, छोटा दिवा लावून पत्रा कापत होता.

"आता काय बनवतोयस?" मी विचारलं.

"ट्रेलर."

मशीन थांबली.

"केवढो?" कमलाक्षीनं विचारलं.