पिलियाची माळ

माझ्या धाकट्या भावाला पिलिया झालाय, ही थाप मी मारली. कोणी शिकवली नव्हती. समोरची मावशी नळावर हंडा लावून उभी होती. तिनं सहज विचारलं, "भाऊ घरीच दिसून राह्यला वो, काय झालं?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "पिलिया." आमच्या बालाघाटात काविळीला पिलियाच म्हणतात. पिलिया म्हणजे सभ्य आजार. कोणालाही होतो, उतरतो, आणि उतरल्यावर त्याचं नाव कोणी काढत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

खरं असं होतं की तो गोळीवर होता. भरवेलीच्या खाणीतून मँगनीज वाहणारा डंपर चालवायचा. एका फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. डुलकी लागू नये म्हणून कोण्या ड्रायव्हरनं धाब्यावर त्याला जागं ठेवणारी गोळी दिली. पुढं गोळीची पावडर झाली. दोन वर्षं हे चाललं आणि मला पत्ता नाही. उलट मला वाटायचं, पोरगं किती कष्टाळू! दोन-दोन दिवस डोळ्याला डोळा लावत नाही, वर घरी येऊन अंगण झाडतो, माझ्या शिलाई मशीनला तेल घालतो, बडबड बडबड करतो. नात्यागोत्यात मी त्याला मिरवलं. माझ्याइतकी आंधळी बाई शोधून सापडायची नाही.

मग एका सकाळी डंपर रस्ता सोडून शेतात, बांधीत उतरला. धान कापून झालं होतं, बांधीत कोणी नव्हतं, म्हणून नशीब. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण घरी आला तो उंबरठ्यावरच बसला. तोंड उतरलेलं, ओठ फाटलेले.

"ताई, मले हे सोडाचं आहे. पण कोणाले सांगू नको."

आईबाप गेल्यापासून आम्ही दोघंच. माझं लग्न राहूनच गेलं. त्याचं मात्र ठरत आलं होतं. तिरोडीची माणसं पाहून गेलती, मुलगी आम्हाला पसंत होती. म्हणून मीही म्हणाले, नाही सांगत. त्याला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नीट ऐकून घेतलं, रागावले नाहीत. म्हणाले, "सोने दो, खाने दो. मगर अकेला मत छोड़ना. पहले नींद आएगी, फिर मन बहुत गिरेगा." मी मान हलवली. झोप आणि जेवण तेवढं डोक्यात राहिलं.

कारण नशा सुटणं मी एकदाच पाहिलं होतं, बापाचं. बाप खाणीत होता आणि दारू प्यायचा. त्यानं सोडली तेव्हा आम्ही खाणीच्या कॉलनीत राहायचो. तीन दिवस तो थरथर कापत होता, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडत होता, चार माणसांना आवरायचा नाही. आणि चार माणसं होती! पाळी संपवून आलेले लोक सायकली आमच्या दारात टेकवून आत यायचे, त्याचे हातपाय धरायचे, बायका आईला चहा करून द्यायच्या. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, त्यात लपवायचं काय होतं? तेव्हा माझ्या मनात बसलेलं, नशा सुटते म्हणजे माणूस असा लढतो.

हा तर लढलाच नाही. झोपला. तीन दिवस झोपला. उठायचा तो जेवायला. पाच-पाच पोळ्या, परातभर भात, मग पुन्हा गोधडीत. मी मशीनवर बसून त्याचं घोरणं ऐकायची आणि मनात म्हणायची, अवो बाई, एवढंच होतं का? खातोय, झोपतोय, म्हणजे सुधारतोय. वेडी ती वेडी.

थाप मात्र फोफावत गेली. पिलिया म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणं बंद केलं, लेकरांना आमच्या दाराशी फिरकू देईनात. त्याचे ड्रायव्हर दोस्त येतील ही मला मोठी भीती होती, तेही आले नाहीत. मी खूश झाले. समोरच्या मावशीनं तेवढं तोडलं नाही. उसाचा रस, फुटाणे, मुळा असं काहीबाही दारात ठेवून जायची आणि रस्त्यावरूनच ओरडायची, "हळद नाही टाकाची वो, तेलाचा थेंब नाही!" म्हणून मी खरंच बिनहळदीचं शिजवायला लागले. तिला फोडणीचा वास गेला असता ना! पांढरं वरण, पांढरा भात, उकडलेला दोडका. मीही तेच खायची. थाप मारली तर नीट मारावी.

चौथ्या दिवशी मावशी किरनापूरला जाऊन माळ घेऊन आली. तिथं कोणी म्हातारा पिलियाची माळ देतो. कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले. आधी ती डोक्यावर टोपीसारखी बसते, मग रोज वाढत जाते. गळ्यात येते, छातीवर येते, बेंबीपर्यंत उतरली की पिलिया उतरला म्हणायचं आणि माळ वाहत्या पाण्यात सोडायची. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, दोरा लांबतो, एवढंच ते. मला कळतं. पण बाई बसनं तीस किलोमीटर जाऊन आली होती. नाही कशी म्हणू?

माळ मीच त्याच्या डोक्यावर ठेवली.

"ताई, मले पिलिया नाही."

"माहीत आहे मले. गपचूप घाल."

त्यानं घातली. आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. तो नुसता भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. बोलणं नाही, रडणं नाही, मागणं नाही. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायचा. चहा दिला तर तो निवायचा, साय धरायची. मी चिडायची. "अरे, बोल ना काही! मी काय भिंतींशी बोलू?" तर म्हणायचा, "काय बोलू ताई?" आणि खरंच त्याच्याजवळ काही नसायचं. बाप ओरडला होता ते परवडलं. या गप्प माणसाला धरायचं कुठून, ते मला समजेना. मशीन बंद, दार बंद, गल्लीतून जाणारी माणसं दारासमोर आली की पाय उचलायची. घरात दोन माणसं होतो आणि दोघंही एकटेच. मला माझ्या आईची फार आठवण यायची, पण तिला चहा करून देणाऱ्या बायकांची जास्त.

आणि माळ रोज उतरत होती. खोटं कशाला बोलू, मी रोज सकाळी पाहायची. गळ्यात आली, बरं वाटलं. छातीवर आली, आणखी बरं वाटलं. पिलिया नाही हे मला माहीत, थाप माझी, आणि भरवसा माझाच त्या काड्यांवर! एवढं एकटं पडल्यावर माणूस कशावरही भरवसा टाकतं.

दहाव्या दिवशी सकाळी तो आपणहून उठला. अंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. माळ बेंबीला टेकली होती. म्हणाला, "ताई, माळ वैनगंगेत सोडून येतो."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! "मी येऊ काय?" एवढं विचारलं. तो म्हणाला, "कायले? दहा मिनिटांचं काम." मी म्हटलं, ये मग लवकर, भात टाकते. आणि त्याला दारातून जाताना पाहिलं. डॉक्टरचं एकही अक्षर मला त्या वेळी आठवलं नाही.

तांदूळ धुवून चुलीवर चढवले आणि त्याची गोधडी उचलायला गेले. गोधडी घडी घालून ठेवलेली होती. या पोरानं जन्मात कधी घडी घातली नाही. मशीनवर त्याचा फोन होता आणि त्याचं लायसन. उडून जाऊ नये म्हणून वर माझी कात्री ठेवलेली.

तशीच निघाले. समोरच्या दारात मावशी उभी, तोंडभर हसून म्हणाली, "उतरली ना वो माळ! आत्ताच गेला तुहा भाऊ. माह्या पाया पडून गेला बाप्पा."

आणि मी, माझ्या जिभेला आग लागो, काय म्हणाले? "हौ मावशी, बरा झाला." सवयीनं निघालं. मी हसून थाप पुरी केली. तिला म्हणाले असते, धाव माझ्याबरोबर, तर ती धावली असती. तिच्या घरात दोन मोटरसायकली, तीन मुलगे. मी एकटी पळाले. स्कूटी आहे हेसुद्धा सुचलं नाही. घाटापर्यंत एकच घोकत गेले, पाया पडून गेला, पाया पडून गेला.

तो खालच्या पायरीवर बसला होता. पँट मांडीपर्यंत भिजलेली, माळ मुठीत. चार पावलांवर एक बाई धुणं आपटत होती.

माझ्या तोंडात शिवी आली होती, रोजची, "मेल्या." ती गिळली. शेजारी जाऊन बसले आणि त्याचा हात असा धरला की बोटं पांढरी पडली.

मग तो बोलला.

"कशातच काही वाटत नाही ताई. चहात नाही, उन्हात नाही. तू समोर राहते तर तुह्यातबी नाही. मले वाटलं, आता हे असंच राहीन."

"मंग?"

"उतरलोतो पाण्यात. तर थे बाई म्हणे, दादा, माळ सोडाची तर खालच्या अंगाले सोडा ना, इथं कपडे धुऊन राह्यली दिसत नाही काय. मी म्हटलं, हौ बाई. अन् मंग..." त्यानं मूठ उघडून माळ पाहिली. "दहा दिवसांत तुह्याशिवाय कोणी बोललं नव्हतं ना माह्याशी. मंग बसून राह्यलो."

ती बाई आमच्याकडे न पाहता चादर पिळत होती. त्या पायरीवर मला लख्ख दिसलं, मी काय करून ठेवलं होतं. चार माणसांनी धरायचं माणूस मी एकटीनं दडवलं होतं. सोयरीक वाचवायला निघाले होते, भाऊच हातचा जात होता.

माळ आम्ही सोडली नाही. तशीच घेऊन परत आलो. वाटेतच दवाखान्यात शिरलो आणि डॉक्टरला सगळं सांगितलं, घाटावरचंही. त्यांनी औषध लिहून दिलं, दोन दिवसांनी पुन्हा या म्हणाले. मग मी घरी न जाता सरळ समोरच्या दारात उभी राहिले. भाऊ माझ्या मागं, मान खाली.

"मावशी, याले पिलिया नव्हता." आणि गोळीपासून घाटापर्यंत भडाभडा सांगितलं. तिच्या तिन्ही मुलांसमोर सांगितलं. गल्लीभर होणार ते ठाऊक होतं, तिरोडीला पोचणार ते ठाऊक होतं. पोचलंच पुढं, सोयरीक मोडली. मोडू दे.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. किरनापूरची खेप, बसचे धक्के, सगळं तिला आठवलं असणार. मला वाटलं आता ही थोबाडीत देणार. तिनं माझ्या हातातली माळ घेतली, खिडकीच्या खिळ्याला अडकवली आणि भावाकडे पाहून म्हणाली, "मंग याले तेल-हळद चालते ना?"

"चालते," मी म्हणाले.

"मंग बस ना इथं. उभा काहून?"

तिनं त्याला हाताला धरून पाटावर बसवलं. आमच्या घरी चुलीवरचा भात कधीच करपून गेला होता, त्याचा वास गल्लीत भरला होता. तिचा मोठा मुलगा पळत जाऊन तो उतरवून आला. मावशीनं मासळीचा पिवळाजर्द रस्सा भावाच्या ताटात ओतला, आणि तो जेवून होईपर्यंत ती चौघंही त्याच्याभोवती बसून राहिली.