स्तोत्राची शाई

नातीच्या नव्या पुस्तकाचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं सांगलीतलं आमचं छोटं चर्च आठवलं. येत्या रविवारी श्रद्धेची जाहीर कबुली म्हणून मला तिथं सगळ्यांसमोर ‘माझा विश्वास आहे’ म्हणायचं होतं. पण येशूच्या यातना हजार वर्षं आधीच बायबलातल्या जुन्या इब्री, म्हणजे हिब्रू स्तोत्रात लिहिलेल्या? विशीतल्या मज शहाणीला ते मागाहून घुसडलेलं वाटलं. म्हणून मी चक्क ते पान हुंगत होते.

“काय गं, शाई ओली हाय व्हय?” चर्चमध्ये आम्हाला बायबल शिकवणारे म्हातारे मास्तर हसले. “आगं, कवीनं सोताचं दुखणं मांडलं. येशूला त्यात आपलं दुखणं घावलं.”

मला पटलं नाही. रविवारी मी तापाचं सोंग घेतलं.

पुढं आमचे हे गेले, तेव्हा तेच स्तोत्र उघडलं. त्यात माझंच रडणं लिहिलेलं! पुन्हा संशय आला: ह्या माणसाला माझं कुणी सांगितलं?