बासच्या पोटात नारळाचं पाणी

माझा बास ज्याने ज्याने पहिल्यांदा पाहिला, त्याने एकच प्रश्न विचारला: उरलेल्या दोन तारा कुठे गेल्या? गिटारला सहा तारा असतात हे लोकांना कुठून तरी कळलेलं असतं, त्यापुढे अकलेची गाडी जात नाही. बास गिटारला चारच असतात, त्या जाड असतात, खालचे सूर त्या धरतात, असं मी सुरुवातीला समजावून सांगायचो. मग कंटाळलो. आता सांगतो, उंदरांनी खाल्ल्या.

त्यातून माझा बास जुन्या धर्तीचा. म्हणजे आहे नवाच, पण आजोबांच्या काळातल्या बाससारखा बनवलेला. कडेने काळपट, मध्ये मधाच्या रंगाचा, पुढे चकचकीत पत्र्याची पट्टी, पट्टीवर तीन बटणं, आणि जिथे हात टेकतो तिथला रंग कारखान्यातच घासून उडवलेला. वहिनीने तो पाहून नाक मुरडलं. "भावजी, रंग गेलेला कशाला आणला? दुकानात नवा नव्हता?" जमीन सरकारकडे गेली, त्या बदल्यात न्यू पनवेलजवळ प्लॉट मिळाला, प्लॉटवर तीन मजले चढले आणि दर दिवाळीला त्यांना पोपटी रंग लागतो, अशा घरात रंग उडालेली वस्तू म्हणजे दळिद्र. गाढवाला गुळाची चव काय, म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आमच्या घरचा बेंजो ग्रुप आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळदीला आम्ही वाजवतो. बाबांनी तो उभा केला, तेव्हा नुसती त्यांची ढोलकी आणि एक बेंजो एवढाच पसारा होता, आणि मोरा बंदरापर्यंत त्यांना बोलावणं यायचं. आता ग्रुप मोठ्या भावाचा, दादाचा. दादाला एकही वाद्य वाजवता येत नाही. बॅनरवर मात्र सगळ्यात मोठा फोटो त्याचाच, काळा गॉगल आणि कानाला हेडफोन लावून. त्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नाही, ते फोटोतसुद्धा दिसतं. त्याच्या मते आवाजाची पातळी एकच असते, ती म्हणजे फुल. बास हा प्रकार त्याला कधी पटलाच नाही. "कोणाला आयकू येतो तो?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. एकदा म्हणाला, कडेने भोकं पाड आणि लाल-निळी एलईडीची पट्टी बसव, म्हणजे निदान दिसेल तरी.

बाबांचं मत आणखी खालचं. दसऱ्याला आमच्याकडे सगळी वाद्यं ओटीवर ओळीने मांडून पूजा होते. हळद, कुंकू, अक्षता, आणि नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. पूजा बाबांच्या हातची. त्या ओळीत माझ्या बासला कधी जागा मिळाली नाही. "ज्याला करंट लागतो तो मिक्सर," ते म्हणायचे. "मिक्सरची पूजा तुझ्या बायकोनं करावी."

गेल्या दसऱ्याला मी सासरवाडीला, करंजाला होतो. परत आलो, बास जोडला, तर बटण फिरवताच खर्र खर्र. तारेला हात लावला की गुणगुण, आणि दोन दिवसांत आवाज बंद. पट्टी उघडली आणि बघतच राहिलो. आत हळद. कुंकवाचा चिखल. बटणांच्या खाली अक्षतांचे दाणे, आणि सगळ्यावर नारळाचं पाणी सुकून झालेला चिकटा. केबल खुपसतो त्या खाचेला हिरवा गंज चढलेला. अरे, नारळ देवापुढे फोडतात, देवाच्या पोटात नाही.

हे काम दादाचं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मोबाईलवर टाकायला व्हिडिओ काढला असणार, वाद्यपूजन, खाली हात जोडल्याची दोन चित्रं. मी जाब विचारला तर हसला. "पूजा केली तं तुझ्या पोटात का दुखतंय?" मग गंभीर होऊन म्हणाला, "हे बघ. तुळशीच्या लग्नानंतर पोरीची हळद हाय. तोवर तुझा डबा चालू झाला तं झाला. नायतर तुझे खालचे सूर कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवल, कायमचा." त्याच्या मुलीची, माझ्या पुतणीची हळद. म्हणजे माझ्याच घरच्या मांडवात मला पाहुण्यांबरोबर बिर्याणी खात बसायला लावणार होता हा माणूस. ग्रुपमध्ये मी राहणार की नाही, हे आता त्या चिकट्यावर ठरणार होतं.

आधी खांदा कॉलनीत एका तज्ज्ञाकडे गेलो. एसी दुकान, भिंतीवर गिटारी टांगलेल्या, तज्ज्ञाच्या केसांचा अंबाडा. त्याने बास उलटा धरला. चुकून नव्हे, त्याला वाटलं तसाच धरतात. "काका, आतलं सगळं काढून टाकू. बॅटरीवालं सर्किट टाकू, नवीन पिकअप टाकू. लुक विंटेज, साउंड मॉडर्न." म्हणजे काळीज बदलायचं आणि मिशी तेवढी ठेवायची. बोलता बोलता त्याने एका स्क्रूचं डोकंही खाऊन टाकलं. मी बास उचलला आणि आपला हात जगन्नाथ म्हणत घरी आलो.

तळोज्याच्या कंपनीत मी पॅनलच्या वायरी जोडतो, त्यामुळे सोल्डरिंगची भीती नाही. रविवारी गॅलरीत पसारा मांडला. तिन्ही बटणांखालचे भाग बाद झाले होते, ते नवे बसवले. केबलची खाच बदलली. पिकअपची, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकाची, वायर एका टोकाला कुजली होती, तेवढी कापून पुन्हा जोडली. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली, म्हणजे गुणगुण थांबते. कुंकू मात्र लाकडात मुरलं होतं, ते निघेना.

दादा चहाचा कप घेऊन बघत उभा होता. कप रिकामा केला. मग म्हणाला, "मी नाय केला तो परकार. बाबांनी केला. ओळीत पयला तुझा डबा ठेवला, ढोलकीच्या आधी. मी बोललो, करंटचं हाय, पानी नका घालू. ते कवा आयकतात?"

मी तसाच उठून ओटीवर गेलो, हातात पट्टी घेऊन. बाबांना हल्ली ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आणून दिलं होतं, ते त्यांनी पेटीत ठेवून दिलं, म्हणाले कानात गांधीलमाशी बसल्यागत होतं. मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बाबा, याच्यात पाणी का घातलंत?"

"मंग? पूजा कोरडी करू?" त्यांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "नारळाच्या पान्यानं मरतो, तो बाजा कसला?"

"पण इतकी वर्षं ओळीत ठेवला नाहीत!"

ते तंबाखू मळत राहिले. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाले, "ढोलकी नाय आयकू येत आता मना. बेंजो नाय. बायका गातात तं नुसती त्वांडं हालताना दिसतात. तुझा तेवढा येतो. बुडाखालून येतो, खाटेतून." तंबाखू ओठात ठेवली. "जो येतो त्याची पूजा."

मी भांडायला गेलो होतो. परत येऊन गॅलरीत बसलो, आणि कितीतरी वेळ हातात सोल्डरिंग गन नुसती तापत राहिली. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

त्यानंतर मी आणखी एक बदल केला, जो त्या अंबाडेवाल्याला आयुष्यात सुचला नसता. जुने लोक लावायचे तशा गुळगुळीत, जाड तारा चढवल्या. त्यांचा ताण जास्त, म्हणून दांडीतला स्क्रू फिरवून दांडी सरळ केली. तारांच्या मुळाशी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून दाबून बसवला. आता सूर झणझणत नव्हता, गोल, बुटका पडत होता, जमिनीतून यावा तसा. दादा ऐकून म्हणाला, "बसला आवाज." मी म्हटलं, बसू दे.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्पीकरच्या भिंतीपुढे पाहुणे नाचत होते, ज्यांना ताल कळत नव्हता ते जास्त नाचत होते. मी स्टेजवर मागे उभा राहून मन लावून वाजवत होतो. तिसऱ्या गाण्याला घाम पुसायला उजवा हात उचलला.

बासचा आवाज चालूच होता.

कीबोर्डवाल्याचा डावा हात बघितला आणि सगळं समजलं. माझी केबल साउंडच्या मिक्सरपाशी गुंडाळून ठेवली होती, जोडलीच नव्हती. दादा खालून अंगठा दाखवत होता, छान चाललंय म्हणून. नंतर म्हणाला, रिस्क नको वाटली, आणि तू स्टेजवर बरा दिसतोस. बास बरा झाला होता, अट मी पाळली होती, पण त्याने हिशेब आधीच मिटवून टाकला होता. मला राग यायला हवा होता. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट. आणि मला कळलं नाही तसं त्या अख्ख्या मांडवात कोणालाच कळलं नव्हतं.

स्टेजवरून उतरलो आणि मांडवाच्या मागून घरात शिरलो, तर ओटीवर खाटेवर बाबा एकटेच. मला बघून त्यांनी बोट केलं. "आज तू नाय वाजवत."

मी ओरडलो, "कशावरून?"

"ते मशीन हाय," ते मांडवाकडे न बघता तुच्छतेने म्हणाले. "कधीचा बघतोय, खाटेतून तू येतंस कवा."

मी आतून माझा सरावाचा छोटा स्पीकर आणला, खाटेखाली सरकवला, आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो. बाहेर दादाचा ग्रुप फुल वाजत होता. मी बटण पूर्ण फिरवलं आणि इतक्या वर्षांचा सगळा जोर लावून तार ओढली. खाट थरथरली. बाबांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"हळू वाजव," ते म्हणाले. "गाव नाय आयकत. मी एकलाच आयकतोय."