चोवीस कोऱ्या चिठ्ठ्या

दारावर टांगलेलं लिंबू-मिरची दिसलं की त्यातल्या लिंबाचं सरबत करून पिणाऱ्यांपैकी मी आहे. अंगात येणं, नजर लागणं, स्वप्नात गेलेली माणसं येऊन काहीबाही सांगून जाणं... कोणी असं सुरू केलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठते. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि पुरावा नाही तर बोलू नका, हेच मुलांना सांगत आले. तरी हे लिहिते आहे, कारण माझ्या अनुभवात भूत नाही, अमावास्या नाही, आणि पुरावा मात्र आहे. माझी अडचण तीच आहे.

१९७४चा जानेवारी. नागपूरला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी संशोधनासाठी लागून पाच-सहा महिने झाले होते. राहायला धरमपेठेत मावशीकडे. घर काटोलला, संत्र्याची बाग. बाबांनी पाठवतानाच बजावलं होतं, "एक साल पाहू. जमलं तं जमलं, नाही तं वरुडचं स्थळ आहे. मंग काहून-बिहून करायचं नाही." बाबा शब्दाचे पक्के. त्यामुळे त्या एका वर्षात काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

विषय मीच सुचवला होता. काही संत्र्याची झाडं फुलांनी नुसती भरून जातात, पण फळ धरत नाहीत. दोष परागकणांत आहे का, ते पाहायचं. त्यासाठी अगदी कोवळ्या कळ्या लागतात, आणि त्याही सकाळी नऊ ते अकराच्या आत तोडलेल्या, कारण आतल्या पेशी विभागत असतात त्या वेळेला. तोडल्या की लगेच शिशीत, स्पिरिट आणि अॅसिडच्या मिश्रणात टाकायच्या. मिश्रणात पडल्या की कळ्यांचा रंग जातो, सगळ्या सारख्याच पांढरट दिसतात. म्हणून शिशीच्या आत झाडाच्या नंबराची चिठ्ठी टाकायची. आंबिया बहार, म्हणजे जानेवारीतला हा फुलोरा, वर्षातून एकदाच. चुकलं की पुढच्या जानेवारीपर्यंत बसा.

आमच्या आणि काकांच्या बागेतली मिळून चोवीस झाडं निवडली. चोवीस शिश्या भरल्या आणि एसटीने नागपूरला आणल्या. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या होत्या... आणि इथे माझ्यातली हुशार मुलगी जागी झाली. आमच्या शाळेत गुरुजींचा नियम होता, कच्चं पेन्सिलीनं, पक्कं शाईनं. पेन्सिलीच्या चिठ्ठ्या म्हणजे कच्चं काम! दुसऱ्या दिवशी कळ्या ताज्या स्पिरिटमध्ये हलवताना मी चोवीस नव्या चिठ्ठ्या केल्या, निळ्या शाईने, वळणदार अक्षरात, आणि जुन्या केराच्या टोपलीत टाकल्या. अक्षराचं कौतुक होईल असंही मनात होतं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी लॅब उघडली तर चोवीसही चिठ्ठ्या कोऱ्या. स्पिरिटला हलकी निळी झाक आलेली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि पेन्सिल विरघळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण एवढं ठाऊक नसलेली मुलगी इथवर पोचेल असं कोणाला वाटलंच नसावं. केर शनिवारीच जळाला होता. मी स्टुलावर बसून राहिले. डोळ्यांसमोर वरुड दिसत होतं.

लॅबचे अटेंडंट संपतराव काचसामान धूत होते. पन्नाशी उलटलेली, मूळचे उमरेडचे, घरी हातमाग. सहीपुरतं लिहिता येणारे, कामापुरतं बोलणारे.

"काहून रडून राहिल्या, ताई?"

"रडत नाहीये."

"बरं," म्हणाले आणि हात पुसत जवळ आले. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी एक शिशी उचलली, मुठीत पूर्ण बंद केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. भाजीवाला हातातच वजनाचा अंदाज घेतो, साधारण तसं. मग म्हणाले, "हे विहिरीजवळचं झाड. बुंध्याले दोन दगड टेकवले आहेत, ते."

मला वाटलं समजूत काढतायत. त्यांनी दुसरी शिशी घेतली. "हे धुऱ्यावरचं. एका अंगानं वाळून राहिलं."

झाडांची वर्णनं माझ्या वहीत होती. वही माझ्या पिशवीत, मजकूर इंग्रजीत. मी ती काढली. सात नंबर, विहिरीजवळ, बुंध्याला दगड. एकोणीस नंबर, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पूर्वेची बाजू वाळलेली. खरं सांगते, भीती वाटली नाही. पुढची शिशी कधी उचलतात असं झालं होतं.

"तुम्ही काटोलला गेला होता का कधी?"

"नाही जी. बाहेरून बाहेरून पाहिलं असंल, एसटीतून."

एकेक करत तेवीस शिश्या झाल्या. मी पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहीत गेले. शेवटची शिशी मात्र त्यांनी दोनदा हातात घेतली. "हे संत्र्याचं नाही, ताई. जंबेरी आहे हे."

जे बागाइतदार नाहीत त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. जंबेरी म्हणजे जाडसालीचं रानलिंबूच. माझ्या यादीत चोवीसही झाडं संत्र्याची होती. उरलेला नंबर सतरा, काकांच्या बागेतला. मी मनात म्हटलं, चला, चुकले एकदाचे. हायसंच वाटलं.

आता सरळ मार्ग असा होता की गुपचूप चिठ्ठ्या टाकायच्या आणि कामाला लागायचं. दोन दिवस मी तेच ठरवत होते. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. आमचे गाईड शिस्तीचे, हसणं महिन्याकाठी एक. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "शिश्या आणा."

सरांनी दार लावून स्वतः नऊ शिश्यांमधल्या कळ्या नव्या, एकसारख्या शिश्यांत घातल्या, क्रम बदलला आणि कोणती कुठली याची यादी खिशात ठेवली. मग संपतरावांना बोलावलं. ते बिचारे आपली काही चूक झाली म्हणून टोपी हातात घेऊन उभे. एकेक शिशी त्यांच्या मुठीत. नऊपैकी नऊ, माझ्या नव्या चिठ्ठ्यांशी तंतोतंत.

संपतराव गेल्यावर सरांनी यादी घडी करून पुन्हा खिशात ठेवली.

"मेथडमध्ये काय लिहाल? संपतरावांनी मुठीत धरून ओळखलं?"

"पण सर, बरोबर आहे ते."

"असेल. कसं बरोबर आहे ते सांगता येतंय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग हे मटेरियल वापरायचं नाही. पुढच्या बहाराला परत गोळा करा." त्यांनी शिश्या फेकल्या नाहीत, माझ्या नव्या चिठ्ठ्यांसकट आपल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. ते त्यांनी का केलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

रविवारी काटोलला गेले. बाबांना वर्ष वाया गेल्याचं सांगायचं होतं. धीर होईना, म्हणून आधी काकांच्या बागेत सतरा नंबर बघायला त्यांनाच घेऊन गेले. झाडावर नंबराची पत्र्याची पट्टी होती तशीच. बाबा वाकले आणि कलमाच्या गाठीखालून फुटलेली हातभर फांदी वर धरली.

"पाहा. खुंटाचा पानसोट वाढू देला तुह्या काकानं. जंबेरीचा. आन् कळ्या इथूनच तोडल्या वं तू."

फांदीवर कळ्यांचे देठ कापलेले दिसत होते, माझ्याच कात्रीने. उरलेल्या कळ्यांवर जांभळी झाक. जंबेरीची खूण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. अकरा वाजत आले होते, मी घाईत होते आणि मी बागाइतदाराची मुलगी! मला इतकी लाज वाटली की संपतरावांचं आश्चर्य वाटायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

तिथेच बांधावर बसून बाबांना सगळं सांगितलं. शाई, मूठ, सरांची यादी, कपाट.

"म्हंजे ते सारं बरोबर होतं?"

"हो."

"तरी तुह्या सरनं घेतलं नाही?"

"नाही."

बाबांनी तो पानसोट मुळापासून उपटला, हात झटकले. "मंग तिथंच शिक. वरुडवाल्याले मी सांगतो."

पुढच्या जानेवारीत चोवीस झाडांच्या कळ्या परत आणल्या. पेन्सिल. प्रत्येक झाडाच्या परागकणांत दोषाचं प्रमाण वेगळं निघालं. काम संपल्यावर सरांनी कपाट उघडून जुन्या शिश्या माझ्यापुढे ठेवल्या. महिनाभर मी त्यांच्या स्लाइड्स केल्या. तेवीस झाडं जिथल्या तिथे जुळली. सतराची शिशी मात्र जंबेरीची निघाली. सरांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले आणि जुना घडी करून मला दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

संपतरावांना मी एकदाच विचारलं, कसं कळतं म्हणून. ते गोंधळलेच. "मले वाटलं तुमा सगळ्याइले कळते. एवढे शिकलेले लोकं शिशीत चिठ्ठी काहून टाकतात, हेच मले इतकी वर्सं समजलं नाही."

मी नंतर पुष्कळ डोकं खाजवलं. वास? शिशीला बूच, त्यावर मेण. नजर? मूठ बंद. माझ्या चेहऱ्यावरून? दुसऱ्या वेळी मलाच ठाऊक नव्हतं, आणि सतरा नंबर तर कधीच ठाऊक नव्हता.

प्रबंधात आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव घातलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन तास उलटसुलट विचारलं, मी भराभर उत्तरं दिली. शेवटी त्यांनी ते पान उघडलं. "हे संपतराव कोण? यांची नेमकी मदत काय?"

"त्यांनी नमुने ओळखले, सर."

"कसे?"

मी आमच्या सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. त्या दोन तासांत उत्तर आलं नाही ते एवढ्याच प्रश्नाचं, आणि ते अजूनही येत नाही.