शेवटच्या बेटावरचं पेट्रोल

आमच्या किनाऱ्यावरून तंबू घेऊन बाहेरच्या बेटांकडे जाणारा माणूस जाण्यायेण्यापुरतंच पेट्रोल घेतो. अडीअडचणीचं पेट्रोल शेवटच्या बेटावरच्या झोपडीत, लाल डब्यात असतं. वापरलं तर पुढच्या फेरीत भरून ठेवायचं. कुलूप नाही की पहारा नाही. एइलर्टकाकांनी ही रीत आपल्या मुलाला, हाल्वदानला, लहानपणीच शिकवली होती.

दोन वर्षांपूर्वी उलट्या वाऱ्यात पेट्रोल जाळत हाल्वदान त्या झोपडीत पोचला. डबा रिकामा होता. रात्र काढून तो उरल्यासुरल्या पेट्रोलवर निघाला आणि खडकांपाशी इंजिन बंद पडलं. डबा कुणी रिकामा केला, हे गावात कुणी विचारलं नाही. ज्यानं केला तो बिचारा शनिवारी भरायला जाणारही असेल.

यंदा हाल्वदानची बायको योरुन तिथं एक रात्र राहायला निघाली. काकाही निघाले. मुलाची शेवटची रात्र जिथं गेली ती जागा त्यांना पाहायची होती, आणि गुडघे पुढच्या उन्हाळ्याची हमी देत नव्हते.

मी शेजारी, म्हणून धक्क्यावरून बोटीतल्या दोघांना डबे पोचवत होतो. काका एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक वाऱ्याला, असं मोजून घेत होते.

"बाबा, तंबू राहू दे का? पेट्रोलवरच झोपू," योरुन म्हणाली.

"झोप. फक्त सिगारेट ओढू नकोस."

"आणि झोपडीतला डबा?"

"तो समुद्रात फेकणार आहे. तो डबा नसता तर पोरानं जास्त पेट्रोल नेलं असतं."

"उद्या कुणी तिथं अडकलं तर?"

काका लाइफ-जाकिटाचा पट्टा ओढत राहिले.

"अजून डबा चढवलात तर बोट पोटभर पाणी पिईल," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. दोघांच्या वजनानं ती आधीच खाली बसली होती.

थोड्या वेळानं काका खांबाला धरून धक्क्यावर चढले आणि जाकीट काढलं.

"माझ्या वजनात चार डबे जातील. तू एकटीच जा. एक डबा तिथं ठेव. उद्या दुपारी दोनला फोन. नाही आला तर बचावबोट बोलावीन, मग तू तिथं मजेत कॉफी पीत बसलेली का असेनास."

"बाबा, तुम्हाला जायचं होतं ना?"

"हो." भरलेला डबा त्यांनी स्वतः खाली दिला. "तो कुठं झोपला होता ते नीट बघून ये."

बोट वळणाआड गेली तरी काका हलेनात.

"चला, कॉफी घेऊ," मी म्हणालो.

"फोन येऊ दे," ते म्हणाले.

फोन उद्या यायचा होता.