कोंबडा की कोंबडी?

शहराजवळचे डोंगर एका दिवसात दाखवणाऱ्या सहलीला गेलो होतो. वाटेत आमच्या गाईडबाईंनी जाळीतून एक करवंद तोडलं आणि मला विचारलं, "सांगा काका, कोंबडा की कोंबडी?"

आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. लहानपणी हा खेळ ताई माझ्याशी खेळायची. मी दरवेळी "कोंबडा" म्हणायचो. ती करवंद पटकन तोंडात टाकायची आणि म्हणायची, "कोंबडाच होता रे, जिंकलास!"

पुढे ती गावाकडेच राहिली. दर मे महिन्यात तिचा फोन यायचा, "करवंदं पिकलीत, ये की." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." असं म्हणता म्हणता ताईच गेली. तिच्यासाठी मला कधी एक रविवार मिळाला नाही. आज मात्र टोपी घालून, अनोळखी माणसांबरोबर करवंदं बघायला आलो होतो.

"कोंबडा," मी म्हणालो.

बाईंनी करवंद मधोमध तोडून माझ्यापुढे धरलं. आत पांढरं होतं.

"हरलात की काका!"

सगळे हसले, मीही हसलो. ताईने मला आतला रंग कधी दाखवलाच नव्हता.